तिनं विचारलं तरच

१० नोव्हेंबर २००३, सोमवार
शिरूर

आज समुपदेशक म्हणून रुजू झाले. व्यसनमुक्ती केंद्र गावाबाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला आहे. पूर्वी इथे केंद्र चालवणाऱ्या हौसराव आप्पांचीच पोल्ट्री होती. कोंबड्या काढल्या, खाली फरशी घातली, जाळीला आतून अर्धी भिंत बांधली आणि खाटा टाकल्या. दुपारी पत्रा तापला की जुना वास अजून येतो. खाद्याची पोती ठेवायच्या खोलीला सगळे अजून 'खाद्याची खोली'च म्हणतात. नवीन आलेल्याला सुरुवातीला तिथेच ठेवतात, बाहेरून कडी लावून.

आप्पा निमोण्याचे, बागायतदार. स्वतः खूप वर्षं पीत होते, मग सुटले. शिक्षण बेताचं, पण माणूस खरा आहे. संध्याकाळी सभा असते. एकेकाने मध्ये उभं राहायचं आणि आपण दारूपायी काय काय केलं ते सगळ्यांसमोर कबूल करायचं. मग टाळ्या. आप्पा म्हणाले, "मी असाच उभा राहिलो म्हणून सुटलो, म्याडम. तुमचं पुस्तकातलं थोडं वापरा, बाकी हितं शिकाल."

मला राग आला. बाबासाहेबांचा फोटो माझ्या टेबलामागे लावू का विचारलं, तर आप्पा स्वतः खिळा ठोकायला आले. राग निम्मा गेला.

खोली घेतली आहे स्टँडजवळ. रविवारी दौंडला आईकडे जाईन. या लोकांना दाखवून द्यायचं आहे की एमएसडब्ल्यू झालेली मुलगी नुसती रजिस्टर भरायला आलेली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दौंडहून एक माणूस आणला. चांगदेव. रेल्वेत गँगमन आहे, म्हणजे रूळ, खडी, स्लीपर बघणाऱ्या टोळीतला. चाळिशीचा, वाळलेला, हात मात्र केवढे मोठे. याआधी दोन ठिकाणी उपचार झाले, दोन्हीकडून बाहेर पडल्यावर पुन्हा प्यायला.

बायको जाईबाई जीपमधून उतरली आणि भिंतीवरचा फोटो बघून म्हणाली, "जय भीम ताई." आमच्या दौंडच्या घरापासून चार गल्ल्या सोडून राहणारे निघाले. तिची तक्रार वेगळीच. अशी मी ऐकली नव्हती.

"मारत न्हाई, शिव्या देत न्हाई. पगार बी हातात आणून देतो. पर पोरीला हात लावत न्हाई ओ. आधी कडेवरनं खाली ठिवत नव्हता तिला. आता ती जवळ आली का उठून भाईर जातो. पोरगी मला इचारती, मी काय केलं म्हणून."

मुलगी रश्मी, तिसरीत आहे. मी नोंद केली: दारूमुळे भावना बोथट, मुलीविषयी ओढ उरलेली नाही. चांगदेव खाली मान घालून बसला होता. मी विचारलं, "मुलगी नको होती का तुम्हाला?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जाईबाईच मध्ये बोलली, "न्हाई ताई, तसलं काय न्हाई."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दारू बंद झाल्यावर कंप येतात, भास होतात, हे वाचलं होतं. डोळ्यांनी आज पाहिलं. चांगदेव खाद्याच्या खोलीत थरथरत होता, उठून पळायला बघत होता. दोन वॉर्डबॉयनी त्याला खाटेला बांधायला पांढरी चादर आणली. चादर दिसली मात्र, तो पिसाळला. एकाच्या हाताला चावला. सारखं ओरडत होता, "गाठ मारू नका! गाठ नका मारू, हलतीया ती! हलतीया!"

शेवटी चौघांनी बांधला. आप्पा म्हणाले, "नाटकं असत्यात. दारूच बोलती." मी वहीत लिहिलं: दृष्टिभ्रम, चादर हलताना दिसते.

बांधल्यावर मात्र तो गप्प झाला. एकदम. डोळे उघडे होते.

२ डिसेंबर, मंगळवार

चांगदेव आता बाहेरच्या खाटेवर आहे. स्वयंपाकघरात मदत करतो. आज लसूण सोलत असताना त्याच्याशेजारी बसले. दारू कशी लागली विचारलं.

"मुकादमानं दिली."

"म्हणजे जबरदस्तीने?"

"न्हाई. मायेनं. कुणी गाडीखाली आलं का आमच्या टोळीला बोलावणं येतं. रूळ मोकळा करायचा. गेणबा मुकादम आधी क्वार्टर द्यायचा. म्हणायचा, मार आन् मग जा, कोऱ्या पोटी जमत न्हाई ते."

"पण ती प्यायची का नाही हे तुमच्याच हातात होतं ना?"

"व्हय," म्हणाला आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं. कॉलेजात यावर पूर्ण एक तास झाला होता.

७ डिसेंबर, रविवार
दौंड

कालच्या, सहा डिसेंबरच्या अभिवादनाला आले होते, म्हणून आज जाईबाईकडेही जाऊन आले. घर नीटनेटकं. रश्मी चुणचुणीत, समोरचा एक दात पडलेला. तिने मला पाढे म्हणून दाखवले. मग आपणहून म्हणाली, "मी झोपले ना, की बाबा दारात उभे राहतात. माझे डोळे मिटलेले असतात पण मला कळतं."

जाईबाई म्हणाली, "लांबनंच बघतो. मला म्हनतो, तिचा श्वास चालतोय का बघ. मी म्हनते, चालल न्हाई तर काय! पिऊन आलेला माणूस, काय डोक्यात येईल सांगता येतं का."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाप जागा राहतो म्हणजे त्याचा जीव आहे पोरीत." आईला केस समजावून सांगता येत नाही. मी म्हटलं, आई, दारुड्याला संशय येतो, तसलं आहे ते.

१३ डिसेंबर, शनिवार
शिरूर

आजचा दिवस माझा!

सभेत चांगदेवची पाळी होती. आजवर दोनदा उभा राहिला आणि "मी लई पिलो, माझी चूक झाली" एवढंच बोलून खाली बसला होता. आप्पा आज म्हणाले, तुम्हीच घ्या सभा. मी दाराजवळ उभी होते, तिथूनच विचारलं.

"दादा, मुलीला जवळ का घेत नाही?"

"तसंच."

"तसंच म्हणजे? इथे सगळे तुमचे मित्र आहेत. लपवाल तेवढी दारू आत राहील."

त्याने दाराकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडेच. मी हलले नाही. पंचवीस माणसं, पण खाटसुद्धा वाजली नाही.

"बोलावणं आल्तं," तो म्हणाला. "नदीच्या पुलाच्या अल्याड. बाई हुती, तिचं झालं हुतं. संगं पोरगी, रश्मीएवढी. पोरगी बी गेली असंच दिसत हुतं. मी पिऊन हुतो. चादर आंथरली. बाईला बांधलं. मंग पोरीला. पोरीची चादर बारकीच लागली. गाठ मारली, रुळावरच्या ट्रॉलीवर ठिवली. ट्रॉली चालली आन् गाठोडं हललं."

मी म्हटलं, "पुढे?"

"गाठ सुटंना. दातानं सोडली. शर्ट काढून तिला गुंडाळली, मांडीवर घेतली. ठेसन येस्तवर माझ्याकडं बघत हुती."

"मग?"

"मंग न्हाई."

कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. आप्पांचे डोळे ओले होते. मला म्हणाले, "मानलं म्याडम. दोन केंद्रांना जमलं न्हाई ते तुम्ही काढलंत."

तो जेवला नाही. बाहेरच्या नळाखाली हात धूत बसला होता, साबण घेऊन, पुन्हा पुन्हा. मी जवळ जाऊन विचारलं, "मोकळं वाटतंय ना?" त्याने मान हलवली. हो म्हणाला असं मी धरलं.

येताना स्टँडवरून पेढे घेतले. थोडे घरमालकिणीला दिले.

१४ डिसेंबर

चांगदेव पळाला. मागच्या जाळीवरून. पहाटे केव्हातरी.

१६ डिसेंबर, मंगळवार

जाईबाईचा पीसीओवरून केंद्रात फोन आला. तो घरी आहे. कुठे कुठे पीत फिरला, मग टोळीतल्या लोकांनी आणून टाकला. तिच्यामागे गाड्यांचे आवाज येत होते, तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"ताई, तिथं काय झालं? सारखं म्हणतोय, मी तिला शर्टात झाकून आणली हुती आन् आता सगळ्या गड्यांम्होरं उघडी केली. कोण ती? कुणाला उघडी केली यानं?"

म्हणजे जाईबाईला काही माहीत नव्हतं. त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. पंचवीस अनोळखी माणसांना आधी कळलं.

मी म्हटलं, येऊन सांगते. फोन ठेवला. आप्पा म्हणाले, "पळाला म्हंजी इच्छाशक्तीच न्हाई. आपलं काम आपण केलं." मी मान डोलावली. खोलीवर आले. पेढ्याचा पुडा अजून फडताळावर होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

५ जानेवारी २००४, सोमवार

पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, समुपदेशकांसाठी. शिकवायला एक वयस्कर डॉक्टर बाई होत्या. किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी तिथे बरीच वर्षं काम केलं होतं. त्यांनी सांगितलं की, सुरुवातीला मदतीला आलेला जो तो विचारायचा, तुमच्या घरातलं कोण गेलं, कसं गेलं, सांगा. लोक सांगायचे. दिवसातून चार-चार वेळा. आणि मग रात्रभर ढिगाऱ्याखाली जाऊन यायचे.

मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. चांगदेवचं नाव न घेता सगळं सांगितलं. चादरीचंही. त्या चहाचा कप हातात धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला खाली बसायची मुभा होती का?"

मी दारात उभी होते, हे तेव्हा मला आठवलं.

त्या म्हणाल्या, "माणसाला नको त्या ठिकाणी धरून ठेवणं, बांधणं, त्याच्या हातात काहीच न ठेवणं, हे त्याच्यासोबत आधी झालेलं असतं, दीक्षा. आपण बरं करायच्या नावाखाली तेच पुन्हा करतो. आधी त्याला आपल्याजवळ सुरक्षित वाटू दे. बोलायचं की नाही, किती, कुणासमोर, हे तो ठरवेल. कदाचित कधीच बोलणार नाही. तरी चालतं."

बसमध्ये शिक्रापूरपर्यंत उभं राहून आले. एक ट्रक आडवा झाला होता, बस खूप वेळ थांबली. 'हलतीया ती' हे मी माझ्या हाताने लिहिलं होतं, आणि खाली दृष्टिभ्रम. वाचणाऱ्या कुणालाही कळलं असतं. जाईबाईने श्वासाचं सांगितलं, आईनेही सांगितलं.

११ जानेवारी, रविवार
दौंड

गेले त्यांच्याकडे. जाण्याआधी चार गल्ल्यांच्या दोन फेऱ्या झाल्या. चांगदेव ओट्यावर बसला होता. प्यालेला होता, पण शुद्धीत.

मी म्हटलं, "दादा, मी तुमच्याकडून ते काढून घ्यायला नको होतं. माझं चुकलं."

"तुमचं कामच हाय ते."

"नाही. ते काम नव्हतं. मला टाळ्या पाहिजे होत्या."

त्याने पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडे. मग सरकून ओट्यावर जागा केली. मी बसले.

"पुन्हा विचारणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही चालेल म्हणालात तर रविवारी येत जाईन. नको म्हणालात तर नाही येणार."

त्याने समोरच्या गटाराकडे तोंड केलं. मग म्हणाला, "या. पर जाईला काय सांगू नका. मी सांगन."

जाईबाई आतून दारामागे उभी होती. तिने ऐकलं असणार. मग चहा घेऊन आली. चहात साखर दुप्पट होती.

१ फेब्रुवारी, रविवार

त्याने जाईबाईला सांगितलं. मी नव्हते. ती आज नळावर भेटली तर म्हणाली, "माझ्या मांडीवर डोकं ठिवून सांगितलं ओ. मी येडी, मला वाटायचं ह्याचं भाईर कुठं काय हाय."

दारू सुटलेली नाही. कमी झाली आहे असं तो म्हणतो, मी मोजत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज रजा टाकून गेणबा मुकादमाकडे गेले. चांगदेवला विचारूनच. त्याला रूळ मोकळा करायला बोलावू नका, एवढंच सांगायचं होतं. मनात भांडण घेऊन गेले होते. मुकादम निवृत्तीला आलेला म्हातारा, एक डोळा मोतीबिंदूने गेलेला.

"मला माझ्या मुकादमानं दिली, मी याला दिली," तो म्हणाला. "पोरगं पैल्या वेळी वकून वकून पडलं हुतं. मला दया आली. दुसरं काय दिऊ? माझ्याकडं दुसरं काय हुतं?"

मी आले होते ते सांगितलं. त्याने वरच्या साहेबाला सांगून चांगदेवला सामानाच्या शेडवर पहाऱ्याला लावायचं कबूल केलं. मी निघाले तर मागून म्हणाला, "त्या पोरीचं नाव-गाव लागलंच न्हाई म्याडम. कुणी आलं न्हाई न्यायला. त्यानंच माती दिली."

८ मार्च, सोमवार
शिरूर

आप्पांशी जोरात भांडण झालं. नवीन आलेल्या पोराला बांधत होते, मी चादर ओढून घेतली. सगळ्यांसमोर. आप्पा ओरडले, "तुम्ही काल आलात! मला बांधलं हुतं माझ्या बापानं, गोठ्यात, बैलाच्या दाव्यानं. आज उभा हाय न्हवं मी?"

म्हटलं, "आप्पा, गोठ्यात काय वाटलं होतं?"

विचारलं आणि लगेच वाटलं, पुन्हा तेच करते आहे. म्हटलं, "नका सांगू. राहू दे."

ते तसेच निघून गेले. संध्याकाळची सभा झाली नाही. नोकरी जाईल बहुतेक.

१० मार्च

नोकरी गेली नाही. सकाळी येऊन पाहिलं तर खाद्याच्या खोलीची बाहेरची कडी काढलेली होती. चार भोकं तेवढी राहिली आहेत. आप्पा म्हणाले, "सभा ऱ्हाईल. पर उभं ऱ्हायचं का बसायचं, बोलायचं का न्हाई, ज्याचं त्यानं ठरवावं. मला दुसरं काय येत न्हाई म्याडम, तुम्ही शिकवा." एवढं बोलून मोटर चालू करायला गेले, अर्धा दिवस आलेच नाहीत.

१४ एप्रिल, बुधवार
दौंड

जयंती. मिरवणुकीत आम्ही सगळे होतो. चांगदेव पांढऱ्या शर्टात, दाढी केलेली, प्यालेला नव्हता. गर्दीत रश्मीला काही दिसेना. सगळ्या बापांनी पोरं खांद्यावर घेतली होती. ती बापाजवळ जाऊन उभी राहिली. काही मागितलं नाही, नुसती उभी.

त्याचे हात उठले. अर्ध्यापर्यंत आले. मी बघत होते, जाईबाई बघत होती. मग त्याने ते मागे घेतले. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही घ्या तिला. तिला रथ दिसंना."

मी घेतली. बरीच जड होती. वरून ती सांगत होती, रथ आला, निळे दिवे आले. तो खाली उभा राहून, वर न बघता, विचारत होता, "आन्? आन् काय हाय?"

२० जून, रविवार

शाळा सुरू झाली. तो रोज तिला सोडायला जातो म्हणे. दोन पावलं पुढे चालतो. परवा रश्मीने दप्तर त्याच्याकडे दिलं आणि त्याने घेतलं. जाईबाईने हे मला तीनदा सांगितलं.

अडीच महिने झाले, थेंब नाही. पण चेहरा बरा दिसत नाही. पाय सुजले आहेत. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणाला, "पहाऱ्याला उभं ऱ्हाऊन सुजल्यात."

१८ जुलै, रविवार

डोळे पिवळे. पोटात पाणी भरलेलं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. लिव्हर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. दारू खूप उशिरा सुटली.

उशिरा. मी मनात हिशोब करत होते. ती सभा झाली नसती तर. डिसेंबर-जानेवारीत तो प्यायला ते प्यायला नसता तर. डॉक्टरांना विचारलंही, तेवढ्याने फरक पडला का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

१ ऑगस्ट, रविवार

तो आता खाटेवरच असतो. आज जाईबाई औषधाला गेली तेव्हा स्वतःच बोलला. केंद्रात मी दारात उभं राहून विचारलं होतं, त्यानंतर तो विषय त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"ह्या हातांनी गाठ मारली ताई. तिला जवळ घ्यायला गेलो का वाटतं, माझ्या हातात गेली की ती बी तशीच…" पुढे बोलला नाही. मीही 'पुढे?' म्हटलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाला, "रश्मीला कवातरी सांगा. मला न्हाई जमणार. पर आपणहून सांगू नका. तिनं इचारलं तरच. आन् जेवढं इचारल तेवढंच."

मी हो म्हटलं.

"तिला वाटतं तिनंच काय केलं," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

२२ ऑगस्ट, रविवार

काल गेला. सकाळी. रश्मी शाळेत होती.

२४ ऑगस्ट

अंत्ययात्रेला रेल्वेची सगळी टोळी होती. गेणबा मुकादम जवळ येईना, लांब लिंबाखाली उभा होता. आप्पा शिरूरहून जीप घेऊन आले, विहारात मागे मांडी घालून बसले, आमच्यासोबत हात जोडले. निघताना जाईबाईला म्हणाले, "माझ्याकडं असताना त्याला बांधलं हुतं मी." ती म्हणाली, "ठावं हाय आप्पा. जेवून जा." ते जेवले नाहीत.

मी रडले नाही. अजून नाही.

१२ सप्टेंबर, रविवार
दौंड

आज रश्मीने विचारलं.

जाईबाई भाकरी थापत होती, मी आणि रश्मी उंबऱ्यात. तिची वेणी घालून देत होते. पाठमोरी होती म्हणून विचारणं जमलं असेल.

"ताई, बाबा मला का घेत नव्हते?"

आतला थापण्याचा आवाज थांबला. मी जाईबाईकडे बघितलं. तिने मान हलवली, सांग म्हणून. माझे हात वेणीतच होते, ते तसेच ठेवले.

म्हटलं, "तू काही केलं नव्हतंस. एकदा रेल्वेखाली सापडलेली एक लहान मुलगी तुझ्या बाबांना मिळाली होती. तुझ्याएवढीच. खूप लागलं होतं तिला. बाबांनी आपल्या शर्टात गुंडाळून तिला मांडीवर घेतलं आणि स्टेशनपर्यंत आणलं. तेव्हापासून लहान मुलीला हातात घ्यायची त्यांना भीती बसली. तुला काही होईल अशी भीती."

"वाचली का ती?"

"नाही."

"कधी मेली?"

"स्टेशन येईपर्यंत."

"बाबांच्या मांडीवर?"

"हो."

मला वाटलं रडेल, मी वेणी सोडून पुढे आले. ती रडत नव्हती. कपाळाला आठी घालून विचार करत होती, गणित सोडवताना करते तशी.

"म्हणजे तिला मांडीवर घेतलं," ती म्हणाली.

"हो."

"मला नाही घेतलं."

मला पुष्कळ काही सांगता आलं असतं. ते दारात उभे राहायचे, दप्तर घ्यायचे, तिला रथ दिसत नव्हता म्हणून त्यांचा जीव कसा खालीवर झाला होता. सगळं ओठावर आलं. पण तिने ते विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही घेतलं."

जाईबाई तव्यासमोर तशीच बसून होती. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिने उलटली नाही. रश्मी आत गेली, आईच्या पाठीशी जाऊन बसली आणि दोन्ही हात तिच्या पोटाभोवती घालून पाठीला गाल टेकला. अर्धी वेणी सुटून तिच्या खांद्यावर आली होती.

मी उंबऱ्यातच बसून राहिले. उठून जावं की नाही कळेना. मग जाईबाई न वळता म्हणाली, "ताई, जेवूनच जा." मी तव्यावरची भाकरी काढली आणि दुसरी थापायला घेतली.